फ्रान्स, रिकार्टनपासून दीड तासावर

रिकार्टन, क्राइस्टचर्च
२४ मार्च २००६

ती. सुनीतीताईस,

धाकट्या आनंदीचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात तो खुर्चीत बसूनच घातला आहे. एकदा खाली गेले की मला उठवायला माणूस लागतं.) प्रकाशभावोजींचा गुडघा कसा आहे? तुझं ब्लडप्रेशर ठीक असेल असं मी धरून चालते, कारण फोनवर तू कधी खरं सांगत नाहीस. आम्ही इथे सुखरूप आहोत. ई-मेल केली असती, पण ती अक्षत टाइप करून देतो, आणि आईचा मजकूर मुलाने आधी वाचावा असं हे पत्र नाही.

तर शनिवारी हे मला फ्रान्सला घेऊन गेले. दचकू नकोस, डबा घेऊन गेलो होतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी होतो. तुला माहीतच आहे, आमची परतीची तिकिटं एप्रिलअखेरची आहेत. अक्षत आणि वल्लरी म्हणतात, आणखी वर्षभर राहा. ह्यांना राहायचं आहे, मला नाही. मुलाच्या घरी आई पाहुणी म्हणून आली की छान असते. पुढे पुढे सुनेने चहाचा डबा कुठे ठेवावा यावर तिची मतं व्हायला लागतात (माझी झालीच आहेत). मी नाही म्हटल्यापासून हे मला लाच देत आहेत. इथून दीड तासावर अकारोआ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, ते फ्रेंचांनी वसवलं. लग्न ठरताना मी फ्रेंच शिकलेय हे कळल्यावर ह्यांनी एकदा फ्रान्सला जाऊ असं म्हटलं होतं. त्यानंतर आम्ही नेमाने हरिहरेश्वरला गेलो. निघताना इरा म्हणाली, ‘‘आजी, इट्स नॉट रिअली फ्रान्स, ए?’’ (नातीला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र असं येतं.)

गाव सुरेख आहे. डोंगर उतरताना खाली निळं पाणी दिसतं, आणि हे वळणावर गाडी चालवत ते मला दाखवत होते, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. इथले फ्रेंच बोटीने येऊन पोचले तेव्हा म्हणे इंग्रज आधीच झेंडा रोवून बसले होते, एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसे. त्यामुळे गाव इंग्रजांचं आणि पाट्या फ्रेंच. रस्त्याला ‘र्‍यू’ म्हणतात. तो र घशातून यावा म्हणून सिस्टर फिलोमिनाने आपल्याला गुळण्या करायला लावल्या होत्या, आठवतं? ह्यांनी पाटीवर सरळ ‘रुई लावौड’ वाचलं आणि आपण गाढवासारखे तर बोललो नाही ना, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग प्रत्येक पाटीशी थांबून मला विचारायला लागले. मी मनातल्या मनात सिस्टरला फुलं वाहिली.

एका दुकानात लव्हेंडरचे साबण होते. मी श्वास घेतला आणि इतक्या वर्षांनी, सगळी क्रियापदं जागच्या जागी ठेवून, किंमत फ्रेंचमध्ये विचारली. काउंटरवरची बाई अतिशय प्रेमाने म्हणाली, ‘‘सॉरी डिअर, आय डोन्ट स्पीक इंडियन.’’ यावर हे तिला समजावायला गेले की ही तुमचीच भाषा बोलते आहे. बाईने आणखी प्रेमाने मान डोलावली. सिस्टर फिलोमिना म्हापशाच्या होत्या, त्यामुळे कदाचित दोष आपल्या कोकणी हेलाचा असेल. साबण मी घेतला नाही.

पुढच्या दुकानात ह्यांनी हातमोजे घेतले, लोकरीचे, जाडजूड, माझा एक जोड आणि ह्यांचा एक. मी विचारलं, पुण्याला मे महिन्यात आमरस हातमोजे घालून खायचा का? तेवढ्यात दुकानातल्या मुलीने सांगितलं की यात पॉसमची लव मिसळली आहे. पॉसम म्हणजे मांजराएवढा एक प्राणी. ऑस्ट्रेलियातून आणला, इथे रमला, परत जायचं नाव घेईना, झाडं खात सुटला, म्हणून आता त्याचे हातमोजे करतात. मी ह्यांना म्हटलं, ऐकलंत? पाहुणा जास्त दिवस राहिला की त्याचं काय होतं ते? हे हसले, पण पैसे देऊन टाकले.

नंतर धक्क्यावर बाकावर बसलो. तिथे लक्षात आलं की दिवसभर हे माझ्या बरोबरीने चालत होते. ताई, तुला ह्यांची चाल माहीत आहे. पुण्यात लक्ष्मी रोडला खरेदीला गेलो की मला ह्यांची पाठच दिसते. साडी आवडली तर ती पाठीलाच सांगायची. मी तसं बोलून दाखवलं. ह्यांनी डबा उघडला. मग म्हणाले, ‘‘इथं मला कोणी ओळखत नाही, म्हणून तुझ्याबरोबर चालतो. पुण्याला गेलो की मी परत पुढे चालायला लागेन, आनंदी.’’ (नाव घेतलं. चारचौघांत हे मला ‘अगं’ म्हणतात, आणि घरात नुसतं खाकरतात.) मी म्हटलं, डब्यातला दहीभात संपवा, आंबेल.

असो. माझा विचार पक्का आहे. एप्रिलअखेर येते. भावोजींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझी,
आनंदी

ता. क. आमचा फ्लॅट भाड्याने मागणारा तुमच्या शेजारचा तो सागर अजून जागा शोधतो आहे का? असेल तर वर्षभरासाठी त्याला देऊन टाक. किल्ली तुझ्याकडे आहेच. देवघराची खोली मात्र बंद ठेव.

ता. क. २. हे भावोजींना मुळीच सांगू नकोस. त्यांच्या पोटात काही राहत नाही, ते लगेच ह्यांना फोन करतील. दक्षिणेला डनीडन नावाचं शहर आहे, ते म्हणे हुबेहूब स्कॉटलंड. ते पाहून होईपर्यंत माझा नकार कायम आहे.