पडवीतला भाडेकरू

श्री
मुंबई, ७ जानेवारी १९८५

चि. सरला हिस भाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पडवीची खोली तू चित्रकलेच्या नव्या मास्तराला दिलीस, हे शेजारच्या दाजींच्या पत्रातून कळलं. केस मानेवर, पँट रस्ता झाडणारी, आणि घरात तू एकटी! इथे पेपरात रोज वाचतो, चोऱ्या करणारे सगळे याच वयाचे. निदान आईची पुतळ्यांची माळ तरी ट्रंकेतून काढून कुणाला सुचणार नाही अशा जागी ठेव.

तुझा काळजीत पडलेला,
जयराम

श्री
कुणकेश्वर, २१ जानेवारी

ती. भाई यांस सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने इतकी भ्याले, की माळ फडक्यात बांधून तांदळाच्या पिंपात खुपसली. आज हात घातला तर नाही! मी रडले आणि दाजींनी गाव गोळा केला. सत्यवान मास्तराने कुणी न सांगता आपली ट्रंक सगळ्यांसमोर पालथी केली. निघाले काय, तर रंग, ब्रश आणि पिंगुळीहून आईने दिलेलं कुळथाचं पीठ. तरी दाजींचं एकच, ह्येका आधी भायर काढ गो. महिनाअखेर माळ मिळाली नाही तर नोकरी गेली, असं शाळेच्या चेअरमननी सुनावलंय. बिचारा केस कापून येतो म्हणाला. मी कापू दिले नाहीत. तीस वर्षं शाळेत शिकवलं भाई, चोरी केलेल्या पोराचं तोंड मला कळतं. हे तसं नाही.

मंगळवारी मी देवळात गेले असताना घरकामाला येणाऱ्या मथुराने तुमचे तांदूळ भरून एसटीने पाठवले. पोचल्याचं कळवा.

आपली,
सरला

श्री
मुंबई, २६ जानेवारी

चि. सरला हिस आशीर्वाद.

सकाळीच तार केली आहे. सविस्तर लिहायला लाज वाटते. सुटी म्हणून मी हल्लीच्या पोरांवर व्याख्यान देत होतो, तुझी वहिनी तांदूळ निवडत होती. सुपात फडकं पडलं, त्यात आईची माळ! म्हणजे चोरीचा माल सापडला तो टक्कल पडलेल्या, पेन्शनीला आलेल्या तुझ्या भावाकडे. वहिनी अजून हसते आहे. मास्तरांची माफी मागायला शिमग्याला माळ घेऊन येतो.

तुझा ओशाळलेला,
जयराम

श्री
कुणकेश्वर, ३१ जानेवारी

ती. भाई यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दाजींच्या अंगणात मोठ्याने वाचलं. चेअरमन स्वतः येऊन सत्यवानाला शाळेत घेऊन गेले. दाजी पडवीत दोन शहाळी ठेवून परतले. मीही पोराचा हात धरून क्षमा मागितली. भ्याले तर मीच होते ना.

लोभ ठेवावा, पेपर जरा कमी वाचावा.

आपली,
सरला

ता. क. तांदळाची ती पिशवी मथुराला उचलेना. खांद्यावर घेऊन एसटीपर्यंत नेली, भाईंना नीट पोचव असं कंडक्टरला दोनदा बजावलं, तो सत्यवानच.