नानांच्या हातचा गूळ

सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१

पोचलो एकदाचा. शिंदखेड्याहून दोंडाईचा, तिथून तापीकडे जाणाऱ्या एसटीने फाट्यापर्यंत, आणि पुढे कपाशीच्या शेतांमधून ट्रंक डोक्यावर घेऊन पायपीट. फाटकावर पाटी आहे, ‘अश्व प्रशिक्षण केंद्र. येथे हाताने काम करवून शिकवले जाते.’ पुस्तकांचा संबंध नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटलेल्या माणसाला याहून चांगलं कॉलेज कुठलं मिळणार?

रुपचंद नाना स्वतः फाटकापर्यंत सामोरे आले. साठीचे असतील, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. त्यांनी मला सगळी पागा हिंडवली. घोडी, शिंगरं, नाल ठोकायची जागा, दाण्याची म्हणजे चंदीची खोली. खरारा करण्यापासून शिंगरू लगामाला आणण्यापर्यंत सगळं शिकवणार, आणि मग पुण्याकडे एखाद्या स्टड फार्मवर नोकरी लावून देणार. तबेल्यात चाबूक नाही, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मी कोपरेसुद्धा बघून घेतले. खरंच नाही.

स्वयंपाक त्यांची बहीण झुंबरबाई करते. सगळे तिला अक्का म्हणतात. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत असं केलं होतं की मी लाज सोडून जेवलो. शिकणारा आणखी एकच आहे, हिलाल. माझ्याहून मोठा, अबोल. आणि आजच माझ्यामागून टेम्पोतून एक तांबूस शिंगरू आलं. बिचारं थरथरत होतं. नाना हसून म्हणाले, तुम्ही दोघं एका दिवशी आलात, बरोबरच शिकाल.

आईच्या डोळ्यांचं मात्र मी आल्या आल्या सांगून टाकलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आता नुसत्या सावल्या दिसतात. पाच डिसेंबरला धुळ्याच्या शिबिरात ऑपरेशन, आणि तिला नेणारा मी एकटाच. आम्ही बाहेर पडलो की मी पुढे आणि ती मागे. ती दर थोड्या वेळाने हाक मारते, मी ओ देतो, त्या आवाजावर ती चालते. नाना म्हणाले, खुशाल जा, आईहून मोठं काय आहे?

आई माझी थट्टा करते की झुलाल देवळातसुद्धा चपला हातात घेऊन जातो. करू दे. संशयी माणसाच्या चपला चोरीला जात नाहीत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चपला सोडाव्या लागल्या! इथे सगळे अनवाणी. जनावराला माणूस पावलांवरून कळला पाहिजे, असं नानांचं म्हणणं. माझ्या चपला फाटकाजवळच्या दगडाशी ठेवल्या आहेत. उजवीच्या अंगठ्याला लाल ठिगळ आहे, त्यामुळे लांबूनही ओळखू येतात. येताजाता नजर टाकतो.

शिंगराचं नाव पवन ठेवलं. त्याचं जुनं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही, म्हणजे ते आपोआप विसरतं. दुसऱ्या एका घोड्याची जुनी झूल त्याच्या पाठीवर टाकली, इथला वास अंगात मुरावा म्हणून. काम नीट केलं की नाना टाळ्याला जीभ लावून ‘टक्’ असा आवाज काढतात आणि तळहातावर गुळाचा खडा धरतात. तीन दिवसांत शिंगरू आवाज आला की मान वळवायला लागलं. मी थक्क झालो. ही विद्या मला हवी आहे.

मलाही नाना सोन्या म्हणतात. झुलाल हे नाव जनावरांपुढे लांबट पडतं म्हणे. माझी हरकत नाही, लहानपणी आजोबाही सोन्या म्हणायचे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज एक गोष्ट खटकली. ओसरीत शिकून गेलेल्या मुलांचे फोटो लावले आहेत, प्रत्येक जण आपापल्या घोड्याशेजारी उभा. फोटोत एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नाही. मुलगा आणि घोडा, दोघांच्याही माना एकाच बाजूला वळलेल्या. मी हिलालला विचारलं, तिकडे कोण उभं होतं? तो म्हणाला, नाना.

हिलाल इथे किती दिवस आहे, तेही विचारलं. त्याला नीट सांगता येईना. कोर्स तर सहा महिन्यांचा. म्हणजे एक तर हा मुलुखाचा मठ्ठ, नाहीतर नाना त्याला फुकट राबवून घेतात. दुसरं असावं. मी सावध राहायचं ठरवलं.

एक लिहायचं राहिलं. माझं पांघरूण दुसऱ्या कुणाचं तरी आहे. त्याला घामाचा जुना वास येतो. परवा अक्कांकडे तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, होईल सवय.

रविवार, २४ नोव्हेंबर

पवनला आज अंधारी बांधली. डोळ्यांवर जाड कापड, आणि नाना दोर धरून पागेभोवती फिरवत होते. आधी बिथरला, मग दोर नेईल तिकडे जाऊ लागला. दुपारून नाना म्हणाले, सोन्या, तूही करून बघ, जनावराला काय वाटतं ते कळल्याशिवाय शिकवता येत नाही. मला पटलं. माझ्या डोळ्यांवर तेच कापड आलं. ते अजून ओलं होतं.

आधी हसू येत होतं. मग आईची आठवण झाली, तिला रोज असंच चाचपडावं लागतं. मी ठेचकाळलो की नानांचा हात कोपराला लागायचा. शेवटी शेवटी मी त्या हाताची वाट बघत होतो. कापड काढलं तेव्हा समोर अक्का उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तळहातावर गूळ ठेवला आणि मी तो खाल्ला.

रोज कामानंतर मला गूळ मिळतो. हे मी आजपर्यंत लिहिलंच नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलं आहे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

मी आता मांडणी करतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. पवनला दुसऱ्याची झूल, मला दुसऱ्याचं पांघरूण. त्याला नवं नाव, मला नवं नाव. त्याला अंधारी, मला अंधारी. त्याला गूळ, मला गूळ. सकाळी त्याच्याशी जे होतं, ते संध्याकाळपर्यंत माझ्याशी होतं.

गेले काही दिवस मी पवनच्या शेजारी झोपतो. त्याच्या गळ्यातला दोर माझ्या घोट्याला बांधतात, तो बिथरला तर मला जाग यावी म्हणून. आज पहाटे उठून बघतो तर पवन मोकळा उभा होता. दोराचं दुसरं टोक भिंतीतल्या खुंटीला होतं.

मी चिडून नानांना जाब विचारला. ते रागावले नाहीत. गाठ चुकून पडली असेल म्हणाले, आणि माझ्या मानेवरून हात फिरवला. राग कुठे गेला, मला कळलं नाही. त्याचीच भीती वाटते.

मंगळवार, ३ डिसेंबर

आता इथे राहायचं नाही. आईला धुळ्याला नेतो आणि परत येत नाही. नानांना फक्त रजेचं सांगितलं. ते लगेच हो म्हणाले. उलट हिलालला सांगून फाटक उघडं करून ठेवलं, आजपासूनच.

पवनचाही दोर आज पहिल्यांदा सोडला. समोर उघडं फाटक आणि पलीकडे शेतं. तो जागचा हलला नाही. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, “दोर सोडा तरी जनावर हालनं नही, तव्हय समजानं ते शिकनं.”

गुरुवार, ५ डिसेंबर

गेलो नाही.

गेलो होतो. फाट्यापर्यंत गेलो. एसटी आली, दार उघडलं, एक पाय पायरीवर ठेवला. आणि मागून जीभ वाजली. तबेला इतका लांब, मध्ये एवढी शेतं, ऐकू येणं शक्यच नाही. पण वाजली. कंडक्टर काहीतरी ओरडत होता. मी खाली उतरलो आणि चालू लागलो. पाय माझेच होते आणि अनवाणी होते. मी, झुलाल, चपला घ्यायलाही विसरलो होतो.

आई ओट्यावर बसून राहिली असेल. पिशवी भरून, लुगडं बदलून. शिबिर वर्षातून एकदाच येतं.

नानांनी स्वतःच्या हाताने गूळ दिला. मी रडत होतो आणि गूळ गोड लागत होता. मला माझी लाज वाटते.

रविवार, ८ डिसेंबर

कानात कापूस घालून निघालो. फाटकातच थांबलो. आवाज आला नव्हता. मागे वळून पाहिलं, अक्का चुलीपाशी उभ्या होत्या, फक्त हात पुढे केला होता, तळहात वर —

हिलालला म्हटलं, दोघं मिळून पळू. एकमेकांना ओढू. तो खरारा करत राहिला. मग म्हणाला, “मनं नाव हिलाल नही व्हतं. कोनतं व्हतं, ते आठवस नही.”

मी त्याला माझं सांगितलं. तू लक्षात ठेव म्हटलं. झुलाल. शिंदखेड्याचा. आईचं नाव भिकुबाई. त्याने मान हलवली. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, सोन्या.

१२ डिसेंबर

सारंगखेड्याच्या जत्रेसाठी गिऱ्हाइकं येऊ लागली. आज एक जाडा माणूस आला. पवनचे दात बघितले, खूर उचलून बघितले. मग माझ्याकडे वळला. दंड दाबला. याचं वय काय, म्हणून नानांना विचारलं. मला नाही, नानांना.

मी बोलायला तोंड उघडलं. नानांनी नुसतं बघितलं, आणि मी —

पवन आणि मी बरोबरच जाणार. घोडा आणि त्याचा माणूस, अशी जोडी. कुठे, ते कुणी सांगत नाही. लांब आहे म्हणे. आईला कोण सांगणार?

डिसेंबर, सकाळ

ही वही चंदीच्या पोत्यांमागे ठेवतो. रोज उघडून पहिलं पान वाचतो. त्यात एक जण आहे. त्याला वांग्याचं भरीत आवडलं होतं. बडबड्या दिसतो. देवळात चपला हातात —

माझं अक्षर आहे. माझंच असेल.

आज घोट्याचा दोर सोडला. फाटक उघडं. छान ऊन होतं. मी उभा राहिलो.

फोटोवाला येऊन गेला. त्याने इकडे बघा म्हटलं. मी नानांकडे —

दुपार

पवनच्या आयाळीत लाल गोंडे बांधले. उद्या जत्रा. मलाही नवा फेटा. गूळ मिळाला.

फाटकात कुणीतरी आलं आहे. पोत्यांवर चढलं की खिडकीतून दिसतं. एक म्हातारी, जांभळं लुगडं, हातात काठी. कुणाच्या तरी बैलगाडीतून उतरली, भिंत चाचपत आली. कुठलंसं नाव घेऊन, मना आंडोर आठे शे का, असं विचारत होती. तिचा मुलगा इथे आहे का, म्हणून. नाना हळू आवाजात म्हणाले, या नावाचं इथे कुणी नाही. ती परत फिरली. फिरताना तिचा पाय दगडाशी अडला. वाकली, हाताने चाचपलं. चपला होत्या. एकीच्या अंगठ्यावरून बोट फिरवत राहिली, ठिगळावरून. मग दोन्ही चपला छातीशी धरल्या आणि उभीच राहिली. आता जात नाही.

त्या चपला कुठेतरी पाहिल्या आहेत.

हाक मारते आहे. थांबते, कान देते, पुन्हा मारते. “झुलाल, ए झुलाल. माले दखास नही रे भो. तू नुसती ओ दे, मी येस.”

कोण हा झुलाल? असेल तिथून त्याने ओ द्यावी. म्हातारी उन्हात उभी आहे. ओ द्यायला काय लागतं? कुणीच का देत नाही —

पुन्हा मारली. माझ्या घशाशी काहीतरी येतं आहे. छोटंसं. एकच अक्षर. तोंड उघडलं तर बाहेर पडेल. ती इकडे वळली. तिने कान दिला आहे. मी

नानांनी जीभ वाजवली. आलो नाना, आलो, मी