नकोशीचा निबंध, माझी सही

७ जानेवारी १९९६, रविवार
नवी वही, आणि पहिलं अक्षर सात तारखेला. चूक झाली, माफी असावी. आजपासून रोज लिहिणार.
बारामतीच्या वाचनालयातला प्रौढांचा वर्ग सुरू झाला. दर रविवारी अकराला. विषय : राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रज बायकांच्या कादंबऱ्या. सरांनी एकेक मराठी भाषांतर वाचायला दिलं. माझी शाळा पाचवीत सुटली, पण वर्गात निवृत्त मास्तरांच्या शेजारी बसलो.
मी निघताना सूनबाई म्हणाली, "मामा, मी बी येऊ का?" मी म्हणालो, एका घरातून एक पुरे, भाकरीचं कोण बघणार? ती पिठाच्या डब्याकडे वळली. म्हणजे पटलं असणार.
संकल्प : रोज वीस पानं.

१० जानेवारी
तीन पानं झाली. अक्षर बारीक. चष्मा बदलावा लागेल.

१३ जानेवारी
पुस्तक चुलीपाशी सापडलं. पान एकशे चाळीसवर पीठ. रागावलो. मग विचारलं, पुढं काय होतं? नकोशीनं, म्हणजे सूनबाईनं, भाजी निवडता निवडता सगळी गोष्ट सांगितली. गरीब मुलगी परक्या घरी राहून पोरांना शिकवते. मी टिपून घेतलं. हाही अभ्यासच.

२१ जानेवारी
वर्गात गोष्ट सांगितली. सर म्हणाले, "वा, सोनबाराव!" पुस्तक कोणी वाचलं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.
परतताना एसटीत छातीत जळजळ. पित्त असावं.

२९ जानेवारी
निबंध द्यायचाय. हात थरथरतो म्हणून नकोशीला लिहायला सांगितलं. तिनं दुपारी बसून आठ पानं लिहिली. मी माझ्या अक्षरात उतरवली. तेव्हा हात थरथरला नाही, हे नवलच.
खाली नाव माझं. सरच म्हणाले होते, त्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या काही बायका पुरुषाच्या नावानं लिहायच्या. म्हणजे रीतच आहे. शिवाय 'नकोशी' हे नाव निबंधाखाली कसं दिसेल? लग्नात बदलायचं ठरलं होतं, राहून गेलं. कोणाकडून राहिलं? माझ्याकडूनच.
पित्ताची गोळी घेतली.

४ फेब्रुवारी
सरांनी निबंध मोठ्यानं वाचला. "परक्या घरात सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या नंतर जेवायचं, हे मला ठाऊक आहे." सर थांबले. "सोनबाराव, तुम्ही घरात कोणाच्या नंतर जेवता?"
वर्ग हसला. मीही हसलो. उतरवताना हे वाक्य डोळ्यांखालून गेलं होतं. वाचलं नव्हतं.

६ फेब्रुवारी
वर्गातल्या प्रयागबाई घरी आल्या. त्यांना वाटलं, घरात कौतुक झालंच असेल. "तुमच्या सासऱ्यांनी काय निबंध लिहिलाय गं! बाईचं मन असं वळखणारा पुरुष न्हाय बघितला."
नकोशी म्हणाली, "व्हय?" आणि चहा टाकला. माझ्या चहात साखर नेहमीइतकीच होती. तेच मनाला जास्त लागलं.

७ फेब्रुवारी
नकोशी शेळगावला माहेरी गेली. चार दिवसांसाठी, असं मीच धरून चालतोय.

१५ फेब्रुवारी
आठ दिवस झाले. गोकुळला म्हणालो, बायकोला घेऊन ये. पोरगा बूट घालता घालता म्हणाला, "माझ्यावर न्हाय रागावली ती. तुमी बगा." कंपनीत निघून गेला.

१८ फेब्रुवारी, रविवार
वर्ग सुटल्यावर सरांना खरं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त हजेरीची वही उघडली, माझ्या नावाखाली तिचं नाव लिहिलं आणि विचारलं, "त्या येतील ना?" एसटीची वेळ झाली, असं म्हणून मी निघालो.
घरी येऊन सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसलो. बायको म्हणाली, "आता कशाला? ती बगायला हाय का हितं?"
पत्राचे तीन कागद फाडले. पहिल्यात सासूचे गुडघे दुखतात असं लिहिलं होतं, दुसऱ्यात माझं पित्त. चौथा राहिला. उद्या टाकतो. इथं उतरवून ठेवतो :

नकोशी, निबंध तुझा आहे, हे सरांना सांगितलं. त्यांनी वर्गात तुझं नाव घातलंय. मी तुला येऊ दिलं नाही आणि तुझं लिहिणं माझं म्हणून दिलं. दोन्ही माझ्याच हातानं झालं. घरी यायचं का, ते तुझ्या मनावर. पण वर्गाला ये. शेळगावाहून सरळ बारामतीला गेलीस तरी चालेल. मी त्या दिवशी मागच्या बाकावर बसेन. नको असेन तर येणारही नाही. काय ठरवलंस ते कळव. दोन ओळी पुरेत, पण लवकर कळव.