खाचेतली पट्टी

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. आप्पांना रश्मीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

काल तुम्ही माझा फोन दोनदा कापलात, म्हणून हे पत्र. कागद मध्येच कापता येत नाही. फाडायचा असेल तर फाडा, पण आधी वाचा.

पेटंटचं सरकारी जर्नल दर शुक्रवारी निघतं आणि ते चाळणं हे माझ्या नोकरीतलं नेहमीचं काम आहे. परवाच्या अंकात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं एक साधन आलंय. रोबोचा हात हाडापाशी धातूची चौकट आणून धरतो, चौकटीला खाच असते, त्या खाचेतून करवतीचं पातं घालून डॉक्टर हाड कापतात. इथपर्यंत जगात सगळीकडे आहे. पण आकृती तीनमध्ये खाचेच्या एका अंगाला, दोन बारीक स्प्रिंगांवर बसवलेली कडक पोलादाची पट्टी आहे. ती पात्याला हलकेच दाबून धरते, म्हणजे पातं थरथरत नाही आणि काप तिरका जात नाही. आप्पा, ती तुमची पट्टी आहे. मी ती तुमच्या वर्कशॉपच्या टेबलावर पाहिली होती. अर्ज ९ जून २०२३ चा. संशोधक म्हणून नाव एकच, डॉ. अंगद सुंबरे.

मला त्यांचा राग आलाच, पण खरं सांगू का, आधी तुमचा आला. मार्च २०२३ मध्ये मी तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं की एक महिना ही वस्तू कुणाला दाखवू नका, मी अर्ज तयार करते. तुम्ही चौदा एप्रिलला ती पुणतांब्याच्या मंडपात माईकवरून दाखवलीत! फोनवर मी त्याला मिरवायची हौस म्हणाले, तिथेच तुम्ही फोन कापलात. शब्द मागे घेत नाही. मीही तेव्हा फुगून बसले आणि तो विषयच सोडून दिला, एवढी चूक माझी.

आता एवढंच कळवा. डॉक्टरांना ड्रॉइंग दिलं होतं का? कुठल्या कागदावर सही केली होती का? आईची शुगर तपासून घ्या, ती स्वतःहून जायची नाही.

राग निवळला नाही तरी उत्तर धाडावे, ही विनंती.

आपली,
रश्मी

*

नगर, २० जानेवारी २०२५

चि. रश्मीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र लेथवर उभं राहून वाचलं. त्यात एक जॉब बाद झाला. तो तुझ्या नावावर.

मिरवायची हौस म्हणालीस, तर ऐक. पुणतांब्याच्या आपल्या वस्तीत जयंतीला डीजे लागत नाही. माझ्या वडलांच्या वेळेपासून रीत अशी की दरवर्षी वस्तीतल्या एकाने स्वतः केलेलं काम घेऊन उभं राहायचं, कसं केलं ते काही न लपवता सांगायचं, आणि वस्तू पोरांच्या हातात फिरवायला द्यायची. मंडळाने मला एकवीस वर्षं विचारलं. एकवीस वर्षं मी नाही म्हणालो, कारण एमआयडीसीत मी जन्मभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम केलं. माझं स्वतःचं म्हणावं असं दाखवायला काही नव्हतंच. ही पट्टी पहिली. ती महिनाभर कपाटात ठेव म्हणालीस आणि जयंती त्याच महिन्यात आली. मी पुन्हा नाही म्हणायला पाहिजे होतं का? असेल. मला जमलं नाही.

डॉक्टरची ओळख तुझ्या भिमाआत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे. मी जिग, म्हणजे हत्याराला नेमकी वाट दाखवणारे साचे, बनवतो हे कळल्यावर त्याने मला त्याची चौकट दाखवली. खाच घट्ट केली की पातं तापतं, सैल ठेवली की नाचतं, यावर इलाज नाही असं त्यानेच सांगितलं. इलाज मी काढला. पाच रविवार लागले. स्प्रिंग हा शब्दसुद्धा त्याच्या तोंडून आला नव्हता. सही कशावर केली नाही. ड्रॉइंग मात्र दिलं, मापांसकट. जयंतीला तो पाहुणा म्हणून मंचावर होता. माझ्या गळ्यात हार त्यानेच घातला आणि खाली उतरल्यावर संदर्भासाठी म्हणून ड्रॉइंगची प्रत मागितली. मी खुशीने दिली. त्या गाढवपणाबद्दल मी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्यात, तेवढ्या तुला येतही नसतील.

आता तुझी ती कलमं बाजूला ठेव आणि सरळ सांग. त्या कागदावर माझं नाव येईल का? बाकी काही नको. बासष्ट वर्षांचा झालो, एकदा ते छापलेलं बघायचं आहे.

तुझी आई ठीक. शुगर तपासली, वाढली आहे, बर्फी लपवून खाते.

आशीर्वाद आहेतच, पत्रातली भाषा जरा सुधार.

तुझे,
आप्पा

*

पुणे, २ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांना सप्रेम जयभीम, वि. वि.

सरळ सांगायला सांगितलंत, सांगते. हाड कसं कापायचं ही पद्धत कुणाच्याच नावावर होत नाही, उपचाराच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंटच नाही. कापायचं साधन मात्र होतं, पण अर्जाच्या आधी ते जगासमोर आलेलं नसलं तरच. मंडळाच्या यूट्यूबवर तुमच्या भाषणाचा व्हिडिओ आहे. त्रेसष्ट जणांनी पाहिलाय. त्यात तुम्ही पट्टी सुटी करून, स्प्रिंगची जाडी सांगून, पुन्हा बसवून दाखवली आहे. तो व्हिडिओ पेटंट कार्यालयात दिला की डॉक्टरांचा अर्ज टिकणार नाही. पण मग ती पट्टी कुणाचीच राहणार नाही, तुमचीही नाही. चोरी झाली म्हणून भांडायला गेलो तरी वस्तू आधी कुठे दाखवली हा प्रश्न येणार, आणि तो व्हिडिओ समोर येणारच.

आणि संतापायचं असेल तर यावर संतापा. सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनात वस्तू दाखवली किंवा विद्वानांच्या संस्थेत तिच्यावर निबंध वाचला, तर कायदा बारा महिने सांभाळून घेतो. वस्तीतल्या मंडपात दाखवली तर एक दिवसही नाही. ते कलम मी आजवर शंभरदा वाचलं असेल. परवा पहिल्यांदा पुस्तक मिटून आपटलं.

डॉ. सुंबरे यांना मी खुलासा मागणारं पत्र धाडलं होतं, त्यावरून काल त्यांचा फोन आला होता. गोड बोलले. नाव राहून गेलं ही नजरचूक म्हणे, दुरुस्तीचा अर्ज करून तुमचं नाव संशोधक म्हणून घालतो म्हणाले. तेवढा तो व्हिडिओ मंडळाला काढायला सांगा म्हणाले. पेटंट एजंट म्हणून मी तुम्हाला हे लिहिणंसुद्धा बरोबर नाही. लेक म्हणून लिहिते, मला वाटतं घ्या. निदान नाव तरी येईल. तुम्ही ते एकदाच मागितलंत, आणि मी त्याला नाही कसं म्हणू ते मला कळत नाही.

उत्तराची वाट बघते. या पत्राबद्दल मला रागावलात तरी चालेल.

आपली,
रश्मी

*

पुणतांबा, १६ फेब्रुवारी २०२५

माझा भाऊ भीमराज यास थोरली बहीण भिमाबाईचा जयभीम. पत्र लिहिणार नात प्रज्ञा. मी सांगते तसंच लिही म्हनले हाय तिला, सुधारू नको म्हनले.

तू माझा फोन उचलत न्हाईस म्हनून ही पाळी आली. मंगळवारी डाक्टरचा मानूस आल्ता. पेढे घेऊन आल्ता. म्हनं, भीमराजभाऊंच्या भल्यासाठी तो व्हिडिओ काढून टाका. मी म्हनले, माझ्या भावाचं भलं त्याला कळतंय, तुला कशाला कळाया पायजे? तर तो म्हनला, डाक्टरनी तुमचा गुडघा बरा केला ते इसरू नका. लई डोस्कं फिरलं माझं. गुडघा बरा केला म्हनून माझ्या भावाचं डोस्कं त्याच्या नावावर झालं व्हय? पेढे परत दिले. पोरं नाराज झाली, ते येगळं.

पन खरा राग तुझा आला. मंडळाचा गोरक्ष सांगत आला की तूच त्याला फोन केला, काढून टाक म्हनून. मला आधी खरं वाटलं न्हाई. मग त्यानं मोबाईलमधी दाखवलं. त्यानं अजून काढला न्हाई, मी काढू दिला न्हाई. तुला काय करायचं ते कर, पन हितं येऊन पोरांसमोर उभं राहून कर. त्या दिवशी तू माईकवर काय म्हनला हुता? हे बनवाया कुनाला इचारायची गरज न्हाई म्हनला हुता. आमी समद्यांनी टाळ्या वाजवल्या. आता पोरांना काय सांगू, भीमराजमामा आलाच न्हवता म्हनून सांगू?

आपल्या बाला काय वाटलं आसतं ते मी लिहीत न्हाई. तुला ठावं हाय.

चिडली आसले तरी बहीणच हाय. कांदे घ्यायला ये.

भिमाबाई (लिहिणार प्रज्ञा)

*

नगर, २४ फेब्रुवारी २०२५

चि. रश्मीस आशीर्वाद व जयभीम.

ताईचं पत्र सोबत जोडलं आहे, वाच. व्हिडिओ काढायला मीच सांगितलं होतं. तुला कळवलं नव्हतं, कारण लाज वाटत होती. नावाचा मोह झाला, दुसरं कारण नाही.

ताईचं पत्र आलं तरी मी शनिवारी डॉक्टरकडे गेलोच, इतका मोह होता. त्याने कागद तयार ठेवले होते. पहिल्या कागदावर माझं नाव होतं, त्याच्या नावाखाली, पण होतं. ते मी दोनदा वाचलं. छान दिसत होतं. मग त्याने दुसरा कागद पुढे केला. ते प्रतिज्ञापत्र होतं. त्यात लिहिलं होतं की ही वस्तू ९ जून २०२३ च्या आधी मी कुठेही, कधीही, कुणासमोर दाखवलेली नाही. मी म्हणालो, डॉक्टर, तुम्ही मंचावर होतात, हार तुम्ही घातलात. तर तो हसून म्हणाला की काका, चाळीस-पन्नास माणसांपुढचं भाषण, ते कोण धरतंय?

रश्मी, मला आयुष्यात असा राग आला नव्हता. सुपरवायझरने माझ्या जिगवर स्वतःची पाटी ठोकली होती तेव्हाही नाही. तिथे साडेतीनशे माणसं होती, पण समज चाळीसच होती. समज चारच पोरं होती. ती कुणी नव्हतीच, असं मी स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं? माझं नाव लागावं म्हणून त्यांना पुसायचं? मी उठलो. बसलो होतो ती खुर्ची पडली, ती उचलली नाही. माझ्या नावाचा तो पहिला कागदही तिथेच राहिला. खाली आल्यावर त्याचं वाईट वाटलं, खोटं सांगत नाही.

तू विरोधाचा अर्ज तयार कर, माझ्या नावाने. व्हिडिओ दे, ड्रॉइंग दे, त्या पाच रविवारांच्या माझ्या वहीची पानं दे. गोरक्षला सांगितलं आहे, तो तारखेसह शपथेवर लिहून देईल. पट्टी कुणाचीच नाही झाली तरी चालेल, त्याची होऊ द्यायची नाही. आणि विद्वानांची संस्था कोणती हे कलमात कुठे लिहिलं असेल, तर त्या पानाची प्रत मला पाठव. मला बघायचं आहे की आमचं समाजमंदिर त्यात का बसत नाही.

तुझ्यावरचा राग गेला. तू लेक म्हणून लिहिलंस, मी बाप म्हणून वाचलं, दोघंही चुकलो.

तुझे,
आप्पा

*

पुणे, २१ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांना सप्रेम जयभीम, वि. वि.

निकाल आला. डॉक्टरांचा अर्ज नामंजूर. आदेश अकरा पानांचा आहे, सोबत पाठवते. कारण एकच, वस्तू १४ एप्रिल २०२३ रोजी पुणतांबा येथे जाहीरपणे दाखवली गेली होती. सुनावणीत त्यांच्या वकिलांनी ते भाषण घरगुती समारंभ होता असं सांगून पाहिलं. मी व्हिडिओ पुढे नेऊन डॉक्टर हार घालतात तिथे थांबवला.

ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी घरी येऊन दार लावून रडले. आपण जिंकलो, आप्पा, आणि तुमच्या हातात काही आलं नाही. आता ती पट्टी देशात कुणीही बनवू शकतो. एक महिना, फक्त एक महिना थांबला असतात तर... पुन्हा लिहिणार नाही. लिहिलं, शेवटचं.

रविवारी येते. रागवायचं उरलं असेल तर समोरासमोर रागवा.

आपली,
रश्मी

*

नगर, ८ डिसेंबर २०२५

चि. रश्मीस आशीर्वाद व जयभीम.

तू रविवारी येऊन गेलीस आणि बुधवारी एक गोष्ट घडली. ती फोनवर सांगितली असती तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितो.

कोल्हापूरकडच्या एका वर्कशॉपमधून फोन आला. पोरगा बोलायला हुशार होता. व्हिडिओ बघून त्याने तिकडच्या डॉक्टरसाठी आपली पट्टी बनवायला घेतली आहे, पण त्याची स्प्रिंग चार कापांत दबून ढिली पडते. माझा नंबर त्याला मंडळाकडून मिळाला. मी त्याला तारेची जाडी सांगितली, पट्टी तापवून कडक करायला पाणी कसं द्यायचं ते सांगितलं, कडा कुठे गोल करायच्या तेही सांगितलं. अर्धा तास सांगत होतो. काही राखून ठेवलं नाही. ठेवावंसं वाटलं, पण ठेवलं नाही. थँक्यू काका म्हणाला आणि फोन ठेवला.

नाव विचारलं नाही गं त्याने.

लेथ बंद करून मी खुर्चीवर बसून राहिलो. त्याचा राग आला, डॉक्टरचा आला, तुझ्या कायद्याचा आला, मंडपात टाळ्या वाजवणाऱ्यांचासुद्धा आला. तुझ्या आईने डबा उघडून पुढे ठेवला, तो तसाच परत पाठवला. तासाभराने मीच उठलो आणि त्या पोराला परत फोन लावला. तो घाबरला, काही चुकलं का म्हणाला. मी म्हणालो, चुकलं काही नाही, कागद-पेन घे. भीमराज धोंडीराम त्रिभुवन, टर्नर, पुणतांबा, असं लिही. त्याने लिहिलं. मी त्याला ते वाचून दाखवायला लावलं. मग पुन्हा एकदा वाचायला लावलं.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझे,
आप्पा