सरपंचाचं पथ्यपाणी

नांदेड
रमजानचा आखरी आठवडा, जानेवारी २०००

नायगावचे मातब्बर शेतकरी, माझे शाळासोबती श्रीमान भुजंगराव यांना ताहेर टेलरचा सलाम आणि वरून रामराम. (मायना अदबीनं लिहावा असं आपल्या मास्तरांनी शिकवलं होतं म्हणून लिहिला. इथून पुढं तू आपला भुजंगाच.) गुडघा कसा हाय? तूर घरात आली का? इकडं अल्लाच्या मेहेरबानीनं सगळे खुशाल हायेत. तुझी वहिदाभाभी सलाम सांगते आणि विचारते, की आजारी पोपट दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा माणूस निदान चहा तरी पिऊन जातो की न्हाई? तू पिंजरा थेट माझ्या मशीनवर टेकवलास, जरा बघ याच्याकडं म्हणालास आणि चालत्या जीपमध्ये चढलास. अरे, ईदच्या तोंडावर टेलरच्या दुकानात पोपट! इथं कपड्यांचे ढीग छताला लागलेत, कात्री ठेवली तर सापडत न्हाई आणि हे साहेब मधोमध बसलेले.

पण तुझी अडचण मला माहीत हाय. तुझ्या सत्यमच्या बारावीच्या क्लाससाठी सिंधुवहिनी लातूरला खोली करून राहिल्यात. भूकंपाच्या पहाटे त्या औशाकडं माहेरी होत्या, तेव्हा हाच सरपंच अंगणात गळा फाडून ओरडला होता. (पोपटाचं हे नाव तूच ठेवलंस. कुणाचं ऐकत न्हाई आणि सगळ्यांच्या वर आवाज काढतो म्हणून.) वहिनींना वाटलं मांजर आलं. सत्यमला हाताला धरून त्या बाहेर आल्या आणि मागं भिंत बसली. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून हा पिंजरा उशाशी असल्याशिवाय त्यांचा छताखाली डोळा लागत न्हाई. आता पोपट इकडं आणि त्या तिकडं स्लॅबखाली टक्क जाग्या. रस्त्यानं ट्रक गेला की पोराला उठवून बाहेर काढतात आणि पोरगं दिवसा क्लासात पेंगतं. म्हणजे ह्या मूठभर पाखराच्या तब्येतीवर वहिनींची झोप आणि सत्यमची परीक्षा दोन्ही अडकून बसल्यात. म्हणून तुला द्यायच्या शिव्या मी मनातच ठेवल्यात.

आला तेव्हा सरपंच म्हणजे निवडणूक हरलेला सरपंच होता. पिसं फुगवून एका कोपऱ्यात, डोळे सुजलेले, नाकातून पाणी आणि सारख्या शिंका. आणि माझी चूक बघ, त्याची भूकंपाची कीर्ती मी आधीच गल्लीभर सांगून बसलो होतो. शेजारचा किराणावाला अण्णाराव सकाळी आला, पिंजऱ्यात वाकून बघितलं, पोपट थरथरला, आणि हा गडी तराजू अन् गल्ला घेऊन सरळ रस्त्यावर. त्याच्यामागं बायका निघाल्या, लेकरं निघाली, खाटा निघाल्या. एका गिऱ्हाइकाचं मी कमरेचं माप घेत होतो, ते टेप कमरेला तसाच ठेवून पळालं. मग रोजचंच झालं. सरपंच शिंकला की गल्ली बाहेर. कुणी म्हणे त्याला सर्दी हाय, कुणी म्हणे जमिनीतला वायू त्याच्या नाकात चाललाय. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना भूकंपानं असं करून ठेवलंय बाबा, पोपटाची सर्दी सुद्धा साधी वाटत न्हाई.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टर नरसिंग म्हणजे रोज म्हशी, बैल तपासणारा माणूस, पण सरपंचाला त्यांनी लई नाजूक हातानं धरलं. चोच उघडून बॅटरी मारली तर आत पांढरे ठिपके. खायला काय देता विचारलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, सूर्यफुलाच्या बिया आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, मालकानं एक वेळ सुद्धा चुकवली न्हाई. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. जीवनसत्त्व अ कमी पडलंय म्हणाले. नुसत्या बियांवर पोट भरतं, अंगाला काही लागत न्हाई. गाजर, लाल भोपळा, पपई, शेवग्याचा पाला, मेथी, लाल मिरची, सगळं बारीक चिरून द्या. बिया एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा, उपाशी तर अजिबात ठेवू नका. कोवळं ऊन दाखवा, वाट्या रोज धुवा. थेंब त्यांनी स्वतः मोजून दिले. वहिदाच्या ताकदीच्या गोळ्या घरी पडून होत्या, त्या चालतील का म्हणून मी विचारलं, तर असे खवळले की बस. माणसाची औषधं अंदाजानं दिली तर जादा होऊनही पाखरू मरतं म्हणाले. मी पिंजरा उचलला आणि बाहेर आलो.

आता ऐक खरी गंमत. बियांवर वाढलेला सरपंच गाजराला गाजर मानायलाच तयार न्हाई. उचलायचा आणि फेकायचा. भोपळ्याची एक फोड वकीलसाहेबांच्या ईदच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर जाऊन बसली. तो डाग वहिदानं कसा काढला ते तिलाच विचार, मला विचारायची हिंमत न्हाई. डॉक्टर म्हणाले, त्याच्यासमोर तुम्ही खा, बघून खाईल. बोला! माझा रोजा! दिवसभर थुंकी गिळताना विचार करणारा माणूस मी, पोपटासमोर गाजर कसं खाऊ? मी नुसतं तोंड हलवून बघितलं. सरपंच माझ्या गळ्याकडं टक लावून बघत राहिला, काही उतरत न्हाई हे त्याला कळलं आणि त्यानं पाठ फिरवली. मग अण्णारावाच्या पाया पडलो. त्याला लहानपणापासून गाजराचा तिटकारा, पण गल्ला रस्त्यावर न्यायचा त्यालाही कंटाळा आलेला. बिचारा रोज सकाळी स्टुलावर बसून, डोळे मिटून, पोपटासमोर गाजर चावायचा. आल्यागेल्याला वाटायचं मी ह्याला कसली सजा दिलीय. पोपटानं एक तुकडा खाल्ला न्हाई. अण्णारावाचं पोट मात्र साफ व्हायला लागलं आणि तोंडावर तकाकी आली.

माझा धीर सुटला बघ. एका संध्याकाळी सरपंचानं बियासुद्धा टाकून दिल्या आणि मान पिसांत खुपसून बसला. सिंधुवहिनींना काय तोंड दाखवू, ह्या विचारानं माझी गाळण उडाली. इफ्तारची वेळ झाली होती. वहिदा म्हणाली, दुकानात एकटा कशाला ठेवता, आणा आत. तिनं पिंजरा सरळ दस्तरखानवर, माझ्या आणि तिच्या मध्ये ठेवला. आमच्याकडं सगळे एका कापडाभोवती बसून एकाच परातीतलं खातात, तुला माहीतच हाय, तू काय कमी हाणलंयस तिथं? अजान झाली, सगळे हात एकदम परातीत गेले. आणि भुजंगा, सरपंचानं मान वर काढली, ह्या हाताकडून त्या हाताकडं बघितलं आणि आपल्याला कुणी विचारत न्हाई म्हणून पंख झाडले. सळईतून चोच घालून माझ्या बोटांतली पपई ओढली, आणि खाल्ली! मला रडूच आलं. खजूर हातात तसाच राहिला.

वहिदा म्हणते, पाखरू थव्यात खाणारं. लातूरला सत्यम क्लासच्या टायमाला घाईनं खातो, वहिनी कधीतरी चतकोर तोडतात, आणि ह्याची वाटी कोपऱ्यात. कुणाबरोबर खाईल ते? त्या दिवसापासून गाजर, भोपळा, शेवगा, सगळं दस्तरखानवर चाललंय. डोळे उघडले, शिंका थांबल्या, पिसांवर हिरवा रंग चढला. आवाज तर असा आलाय की परवा अजानच्या आधीच ओरडला, आणि मी खजूर तोंडात टाकणार एवढ्यात वहिदानं हात धरला. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलंय. तेव्हा ईदला ये, शीरखुर्मा पी आणि तुझा सरपंच लातूरला पोचव.

तुझा,
ताहेर

ता. क. वहिनींना सांग, ताट तिघांचं एकत्र मांडायचं. आई, पोरगा आणि पोपट. सत्यमला पण भोपळा चालतो.

आणखी एक ता. क. (हा कागद मुद्दाम वेगळा हाय. वाच आणि चुलीत घाल, लातूरला नेऊ नको.) गेल्या शुक्रवारी दुपारी इथं हलकासा हादरा बसला. ट्रक न्हाई, खराखुरा. कपबशा वाजल्या, भिंतीवरचं कॅलेंडर हललं, अख्खी गल्ली बाहेर. मी पण पळालो, मग सरपंचाची आठवण झाली म्हणून परत आत घुसलो. बघतो तर काय, साहेब भोपळा खाऊन राहिले होते. मान सुद्धा वर केली न्हाई. तेव्हा पोपट वहिनींना झोप आणायला लई चांगला हाय, पण राखणीला त्याचा काही भरवसा न्हाई. ते काम तुझं हाय भुजंगा. शेत गड्याच्या हवाली कर, परीक्षा होईपर्यंत लातूरला जाऊन राहा आणि दाराजवळ बाज टाकून तू जागा राहा. पिंजरा मात्र वहिनींच्या उशाशीच ठेव. त्यांना वाटू दे, तोच राखण करतोय.