घड्याळात शिरलेलं पाणी

आबा,

आज इतवारा बाजारातल्या त्याच घड्याळाच्या दुकानात गेलो होतो. तुमच्या नातीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, आणि जावयाला घड्याळ द्यायची आपली रीत. दुकानदाराने काचेवर दोन मांडली. एक पातळ, सोनेरी कडेचं, चामडी पट्ट्याचं ड्रेस वॉच. दुसरं जाड, काळं, रबरी पट्ट्याचं, पाण्यात चालणारं स्पोर्ट्स वॉच. किमतीत फारसा फरक नाही. माझा हात आधी सोनेरीकडेच गेला. मांडवात चारचौघांना दिसायला तेच बरं, असा माझा स्वभाव, तो काही जात नाही. मग पोरीला फोन लावला. म्हणाली, "पप्पा, स्पोर्ट्सवालीच घ्या. ते दिनभर केळीच्या बागेत राहतात, हात पाण्यात. ती सोनेरी घडी बस शो की रहेगी." जावई खकनारकडचे, शेती करणारे. पोरीने घड्याळाआधी माणूस बघितला. तिच्या वयात मला ते जमलं नाही.

माझा पहिला पगार झाला तेव्हा तुम्हाला मी हट्टाने इथेच आणलं होतं. तुम्ही कागदाच्या मिलमध्ये, लगद्याच्या हौदावर. हात बाराही महिने ओले, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली. मला वाटतं, त्या बोटांची मला लाज वाटायची. वाटतं कशाला, वाटायचीच. त्याही दिवशी काचेवर अशीच दोन घड्याळं आहेत. तुम्ही काळं उचलता, त्याची कळ दाबता, आत हिरवा दिवा लागतो. तो नीट दिसावा म्हणून तुम्ही त्याच्यावर दुसऱ्या हाताचा आडोसा धरता आणि लहान मुलासारखे हसता. दुकानदार विचारतो, "बाबूजी क्या काम करते हैं?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी बोलून जातो, "मिल में हैं. ऑफिस में." तुम्ही माझ्याकडे बघत नाही. काळं घड्याळ हलकेच खाली ठेवता आणि म्हणता, "मंग सोनेरीच दे भाऊ."

तुम्ही ते हौदावरही घालून गेलात. पोराने पहिल्या पगारात घेतलंय, हे सोबतच्यांना दाखवायचं होतं. पुढे मिलच्या कॉलनीत कुणी वेळ विचारली की तुम्ही मनगट वर करायचा आणि बरोबर सांगायचा. मिलच्या भोंग्यावर तुमचा जन्म गेला, त्यामुळे तुमचा अंदाज कधी चुकला नाही, आणि मलाही कधी शंका आली नाही. ती आली शेवटच्या आजारपणात, इथे शहरातल्या दवाखान्यात. तिथे भोंगा ऐकू येत नव्हता. मी सहज वेळ विचारली. तुम्ही मनगट बघून म्हणालात, "साडेपाच." खिडकीबाहेर भर दुपारचं ऊन होतं. मी तुमचा हात हातात घेतला. काचेखाली तपकिरी डाग होते आणि काटे कधीचे गंजून अडकले होते.

"आबा, दुरुस्तीला का नाही टाकलं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"त्या दुकानवाल्यानं इचारलं असतं ना, ऑफिसात पानी कुठून आलं? मंग मी काय सांगू त्याले?"

टोमणा नव्हता तो. तुम्ही खरोखरच एक अडचण सांगत होता. माझं खोटं तुम्ही इतकी वर्षं मनगटावर बांधून सांभाळलंत, आणि मला नुसतं 'माफ करा' म्हणता आलं नाही. मी अंगठ्याने काच पुसत बसलो. डाग आतून होते. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

हे पत्र तुमच्या त्या घड्याळाच्या डबीत ठेवावं म्हणून लिहायला बसलो, पण आता तेही करवत नाही. कारण एक गोष्ट राहिली. आज मी काळं घड्याळच घेतलं. जावई शेती करतात, हेही न अडखळता सांगितलं. दुकानदार आता म्हातारा झालाय; माझ्या घड्याळाचा सेल बदलायला वर्षानुवर्षं जाणं, म्हणून ओळख आहे. डबी बांधता बांधता त्याने विचारलं, "आपके पिताजी तो मिल के ऑफिस में थे ना?"

दुकानात आम्ही दोघंच होतो, आबा. मी म्हणालो, "हाँ, ऑफिस में ही थे."