भिंतीवरचा डबा

श्रीगोंदा,
मंगळवार

चि. दमयंतीस दादाचे अनेक आशीर्वाद.

मी इकडे खुशाल आहे (उजवा गुडघा सोडून, शिवाय दोन्ही हातांना कोपरापर्यंत खाज सुटली आहे, त्याचं कारण पुढे येईल). तुझी कंबर, तुझं बीपी आणि बंगळूरला गेलेला तुझा लेक गंधार, तिघांची खुशाली कळव. ठरल्याप्रमाणे भीमाचा टेम्पो गुरुवारी लिंबं घेऊन पुण्याला येतो आहे आणि बाराच्या आत तुझ्या दारात उभा राहील. त्यात कसलाही बदल नाही. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि हे ऐकून तू हमखास हसशील. मला हसू आलेलं नाही. मला धक्का बसला आहे. पस्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली, सरकवलेले बांध पाहिले, वीतभर जागेसाठी सख्ख्या भावांनी एकमेकांवर उगारलेल्या कुऱ्हाडी पाहिल्या, पण असा हादरलो नव्हतो.

शेजारचे कारभारी तुला ठाऊक आहेत. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांच्या काट्यावर होते, बायको बनुबाई गेल्यापासून एकटेच असतात. आमच्या मधली भिंत त्यांनी माझ्या हद्दीत चार बोटं आत घेतली आहे, हे मी अकरा वर्षांपूर्वी टेप लावून दाखवून दिलं. (मोजणी अचूक होती. आजही आहे.) तेव्हापासून बोलणं बंद. तुझी वहिनी गेली तेव्हा ते दारात येऊन बराच वेळ उभे राहिले होते, आणि मी त्यांना बसा म्हटलं नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हतो.

तर संक्रांतीला तू आलीस, गुळाच्या पोळ्या केल्यास, सहा वर्षांत समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंचं नावही कळलं नाही म्हणून पुण्याच्या नावाने बोटं मोडलीस, मला कायमचं तिकडे यायचं वचन द्यायला लावलंस आणि गेलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर टकटक झाली. बाहेर येऊन बघतो तर स्टीलचा एक डबा, आत भाजलेला हुरडा, आणि पलीकडे कारभारींची पाठ, घरात शिरणारी. मी भिंतीकडे बघतच राहिलो. म्हटलं, अकरा वर्षांनी का होईना, मोजणी मान्य झाली!

आता शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्या आईची शिस्त. चिमूटभर साखर घालून डबा भिंतीवर ठेवला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मला उत्साह आला आणि मी शिरा केला. (आयुष्यातला पहिला. डब्यात ओतता येईना, कापून बसवला.) दुसऱ्या दिवशी डबा परत, आत ठेचा. बहुधा शिऱ्याचा सूड. मग माझी साबुदाण्याची खिचडी, जिचा एकच साबुदाणा झाला होता. त्यांचं पिठलं, ज्यात मीठ नव्हतं. त्यानंतरचं पिठलं, ज्यात आधीच्या पिठल्याचंही मीठ होतं. ठेवणाऱ्याने झाकणावर चमच्याने दोनदा वाजवायचं आणि समोरचा यायच्या आत घरात पळायचं, असा नियम आपोआप पडला. पाच महिने चाललं. दोन म्हातारे, एक डबा आणि एका शब्दाची देवघेव नाही.

आणि दमू, मला बरं वाटायला लागलं होतं. सकाळी आठ वाजता कान भिंतीकडे लागायचे. कुणाला तरी आवडेल म्हणून मी बाजारात वांगी निवडायला लागलो. वहिनी गेल्यापासून मी काही निवडत नव्हतो, देतील ते घेत होतो.

गेल्या शुक्रवारी मी मुगाची खिचडी ठेवली (बरी झाली होती) आणि डबा आलाच नाही. शनिवारी नाही. रविवारी नाही. काल सकाळी आठ वाजले, साडेआठ वाजले, तरी झाकण वाजलं नाही. खिचडीने काही झालं की काय? माणूस आत पडून असेल तर कळणार कुणाला? पुढच्या दाराला आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी स्टूल आणलं आणि त्या वादग्रस्त भिंतीवर चढलो. वर गेल्यावर लक्षात आलं की स्टूल अलीकडेच राहिलं आहे. पलीकडे त्यांच्या मोरीच्या पाण्यावर माजलेला अळूचा वाफा होता. त्यात पडलो. (खाजेचं कारण आलं.)

मान वर केली तर मागच्या पडवीत कारभारी बाजेवर बसलेले, ठणठणीत, मांडीवर डबा.

"अहो, जिवंत आहात तर डबा का नाही दिलात?" मी अळूतूनच ओरडलो. अकरा वर्षांतलं माझं हे पहिलं वाक्य.

"भीमा बोलला, तुमी बेस्तरवारी पुण्याला चाललाय. कायमचं," ते म्हणाले. "म्हनून ठिवून घेतला. आपलं भांडं दुसऱ्याच्या घरात टाकून कुनी गाव सोडत न्हाई, दत्तोपंत."

जे खरं ते मी बोललो, की डबा माझा नाही, तुमचाच आहे.

"माझा? संक्रांतीला तुमच्या भनीनं आनून दिल्ता की पोळ्या भरून! दादानं पाठवल्यात म्हनल्या. म्हनून तर मी हुरडा दिला!"

डबा उलटा केला. पाच महिने दोघांनी घासला, पण घासताना चष्मा कोण घालतं? बुडावर बारीक ठिपक्यांत कोरलेलं होतं: सौ. दमयंती, मंगळागौर, १९८८. मी जन्मभर लोकांचे उतारे उलटेपालटे करून तपासले आणि घरातला एक डबा उलटा करून पाहिला नाही. कारभारी इतके हसले की बाज करकरली. मग त्यांनी मला हाताला धरून अळूतून काढलं, चिंचेच्या पाण्याने माझे हात धुतले, आणि न विचारता चहा टाकला. त्यांनी बसा म्हणायची वाट न बघता मी बाजेवर बसलो.

माझ्या नावावर परस्पर पोळ्या वाटल्यास, आणि पाच महिने फोनवर "जेवलास का, काय केलंस?" असं साळसूदपणे विचारत राहिलीस! कुठे शिकलीस हे?

तुझा (अजून न सावरलेला),
दादा

ता. क. : टेम्पोत बदल नाही असं वर लिहिलं आहे, ते टेम्पोपुरतं खरं आहे. त्यात लिंबं असतील, मी नसेन. वचन मोडतो आहे, रागावू नकोस.

ता. क. २ : डबा तुझा आहे हे मान्य. पण तो रिकामा परत करता येत नाही, आणि पुण्याला पाठवावं असं आम्हा दोघांना अजून काही जमत नाही. तेव्हा तो इथेच राहील.

ता. क. ३ : मी तिकडे यावं म्हणून तू इतकी का मागे लागली होतीस, हे मला काल त्या बाजेवर बसल्यावर समजलं. फार उशिरा समजलं. पोस्टाने हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून ते आणि एक पितळी डबा भीमाच्याच हाती देतो आहे. बुडावर बनुबाईंचं नाव आहे, कारभारींनी स्वतः काढून दिला. आत त्यांची शेंगदाण्याची चटणी आहे. तुझ्यासाठी नाही. समोरच्या ब्लॉकचं दार वाजव आणि त्या बाईंच्या हातात दे. "माझ्या दादाने पाठवली आहे" म्हणून सांग. या वेळी ते खरं असेल.